आत्याबाईंची उतरंड

आधी नुसती किणकिण झाली. दुपारची वेळ होती. वरच्या खोल्यांतल्या भाडेकरू मुली क्लासची टेस्ट देऊन, जेवून झोपल्या होत्या. तनुजाच्या सासूबाई, आत्याबाई, आपल्या खोलीत कलंडल्या होत्या, नात अपूर्वा त्यांच्याच पायाशी बाहुली घेऊन बसली होती, आणि भिंतीपलीकडच्या मागच्या खोलीत तनुजा मशीनपुढं उकिडवी बसून मशीनला बांधलेल्या पेनाच्या टोकाकडं बघत होती. घर इतकं गप्प होतं की मशीनच्या मोटारींची बारीक गुणगुणही तिला त्या गप्पपणातलीच वाटत होती. मग ती किणकिण. धातूवर धातू, अगदी हलकं, पाहुण्यासमोर कुणी चमचा बशीत जपून ठेवावा तसं. पण चमचा एकदा वाजून थांबतो, हे थांबत नव्हतं. आवाज कशाचा हे तिला त्याच क्षणी कळलं. आत्याबाईंच्या खोलीत ट्रंकेच्या वरच्या फळीवर एक पालथी ताटली, ताटलीवर पालथा पितळी तांब्या, तांब्यावर पालथं फुलपात्र, अशी उतरंड होती. लातूरचं हे घर बांधलं तेव्हापासून. जमीन हलली तर आधी ती वाजावी आणि आत्याबाईंना जाग यावी, एवढ्यासाठी. मशीनच्या कडेला ते बंद करायचं लाल बटण होतं, बसल्या जागेवरून हात पोचेल असं तिनंच बसवलेलं. ते दाबायचं होतं. पण कागदावर पेन ‘ळ’च्या दुसऱ्या पोटात शिरलं होतं, पहिलं पोट गोल आलं होतं, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा गोल, आणि तिला वाटलं, एवढं होऊ दे. भिंतीपलीकडं तांब्या पडला, फुलपात्र फरशीवरून गडगडत गेलं, “ऊठ ग माझे माय, ऊठ,” असं आत्याबाई म्हणाल्या, अनवाणी पाय धावले, कडी निघाली. पेन वळण पुरं करून वर उचललं गेलं. मग तनुजानं बटण दाबलं. मध्येच थांबवलं तर वाया जाईल असं लाकूड नव्हतं, कोरणारं पातं नव्हतं. नवऱ्याच्या, शिवशंकरच्या, केमिस्ट्रीच्या जुन्या प्रश्नपत्रिकेची कोरी पाठ होती आणि एक साधं बॉलपेन. तो कागद पुन्हा कितीही वेळा काढता आला असता.

बाहेर आली तेव्हा आत्याबाई फाटकापाशी उभ्या होत्या, घरापासून जितकं लांब जाता येईल तितक्या लांब. डोक्यावरचा पदर खांद्यावरूनही गळला होता. अपूर्वाला त्यांनी छातीशी असं दाबलं होतं की पोरीचा एक पाय वर आणि एक खाली लोंबत होता, आणि पोर रडत नव्हती, आज्जीच्या कानातल्या फुलाकडं अगदी जवळून बघत होती. जिन्यावर वरच्या मुली जमल्या. त्यातली हदगावची मालविका, चष्मा न लावताच, मोबाइल डोळ्यांशी धरून उतरली. “काय होऊन राहिलं काकू? भूकंप आला का? यात तर काहीच दाखवून नाही राहिलं.” “काही नाही ग,” तनुजा म्हणाली, “आत भांडं पडलं.” आत्याबाईंनी मान वळवली. “भांडं पडलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “आधी वाजलं. मग पडलं.” मुली एकमेकींकडं बघून हसल्या, वाईट हसल्या नाहीत, परीक्षेच्या दिवसांत कशालाही हसतात तशा. तेवढ्यात तनुजाला दिसलं की आत्याबाईंच्या लुगड्याचा पुढचा घोळ ओला आहे आणि पायाखालच्या फरशीवर ओल पसरत आहे. मालविकाही तिकडंच बघत होती. मालविकानं दिलेली पाण्याची बाटली आत्याबाईंच्या हातात देता देता तनुजानं ती सरळ त्यांच्या लुगड्यावर कलती केली. “सांडलं ग बाई माझ्या हातून,” ती म्हणाली. आत्याबाईंनी तिच्याकडं पाहिलं. त्यांना समजलं होतं. त्यांच्या नजरेत उपकाराची जाणीव होती, आणि ती तनुजाला झेपेना. ती खाली बसून उगाच फरशी पुसायला लागली.

आत्याबाई आत यायला तयार नव्हत्या. लुगडं बदलायला तेवढं न्हाणीत गेल्या, ते दार उघडं ठेवूनच, आणि पुन्हा येऊन फाटकाजवळच्या दगडी ओट्यावर बसल्या, अपूर्वाला धरून. तनुजा आत गेली ती थेट मागच्या खोलीत. तिला त्यांच्या खोलीत जाऊन आधी भांडी उचलायची होती, पण पाय मशीनकडं वळले, आणि वळले हे लक्षात येऊनही ती तशीच गेली. कागद अजून पाटावर चिकटपट्टीनं ताणलेला होता. ‘ळ’ सुंदर आला होता. अपूर्वा ‘ळ’ उलटा काढायची; शाळेतल्या बाईंनी वहीत लाल शाईनं गोल करून पाठवलं होतं, आणि तनुजाच्या मनात आलं होतं की लाकडावर अक्षरांच्या खाचा कोराव्यात, पोरीनं त्यात बोट फिरवावं, वळण हाताला आपोआप लागावं. असं काहीतरी करायला मशीन पाहिजे हे तिला मशीन निम्मं झाल्यावर सुचलं होतं, हे मात्र ती कुणाला सांगत नसे. मशीन त्याआधीचं होतं. अपूर्वा अंगावर पीत असताना, एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात मोबाइल, अशी ती परदेशातल्या कुणाकुणाच्या गॅरेजमधली मशीनं बघत बसायची: संगणकावर चित्र काढायचं आणि मोटारींनी पात्याला तसंच्या तसं फिरवायचं. पोर झोपली तरी तिला खाली ठेवायची नाही, व्हिडिओ संपेपर्यंत. नांदेडला इंजिनिअर झालेली, पॉलिटेक्निकला शिकवता शिकवता बाळंतपणाला घरी आली ती घरीच राहिली. या ट्यूशन एरियात तिला कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर उत्तर देण्याआधीच समोरचा तिच्या नवऱ्याचा विषय काढायचा. “सरांची बॅच भरली का हो?” मोटारी कुरिअरनं आल्या तेव्हा शेजारणीला तिनं मिक्सरचे पार्ट आहेत म्हणून सांगितलं. शेजारीण म्हणाली, “केवढं खाता हो तुम्ही लोक.”

आत्याबाईंना मात्र मशीनचं कौतुक होतं. “सुनंचं यंत्र हाय,” त्या भाजीवाल्यालासुद्धा सांगत. “कागदावर काढलेलं लाकडावर उठवतंय.” पहिल्यांदा भुसा पडला तेव्हा त्यांनीच तो सुपात भरून घेतला होता. आणि मशीन नीट काही चालत नव्हतं. वर्तुळ काढायला सांगावं तर अंडं यायचं. कारण शोधता शोधता उन्हाळा गेला. स्क्रू एका बाजूनं फिरून दुसऱ्या बाजूला वळतो तेव्हा क्षणभर नुसताच फिरतो, पुढं सरकवत नाही. ती पोकळी तिनं मोजली आणि संगणकाला तेवढं जास्तीचं फिरायला शिकवलं. मग आडवा दांडा काटकोनात नाही हे सापडलं. दोरा घेऊन दोन्ही कर्ण जुळवले. भाजी फोडणीला टाकून यायचं, एक नट अर्धा पिळायचा, परत जाऊन भाजी हलवायची. चोरलेल्या वेळेची तिला इतकी सवय झाली होती की पुरा मोकळा तास मिळाला तर तिला काही सुचायचंच नाही. शेवटी राहिली ती थरथर. जड दांडा वेगानं उलटा वळला की टेबलच हलायचं, आणि पेनाची रेघ म्हाताऱ्या माणसाच्या सहीसारखी यायची. तिनं पायांखाली रबर घातलं, वाळूची पोती ठेवली. मग श्रावणात एका दुपारी ड्रिल आणून लोखंडी अँगलनं टेबल भिंतीला बोल्ट केलं. आणि रेघ स्थिर झाली. ती इतकी खूश झाली की कागद घेऊन अपूर्वाला उचलून नाचली. थरथर गेली कुठं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. ती इंजिनिअर होती. तिला विचारायची गरजच नव्हती. थरथर जात नसते. ती भिंतीत गेली होती, आणि भिंतीच्या पलीकडं फळी होती.

तिच्या आठवणीतला त्र्याण्णवचा भूकंप वेगळाच होता. ती पाच वर्षांची होती, नांदेडला. पहाटे बाबांनी तिला उचलून रस्त्यावर आणलं, सगळी गल्ली रस्त्यावर, कुणी स्टोव्ह आणून चहा ठेवला, कुणाच्या तरी आजोबांच्या अंगात उलटा सदरा होता आणि सगळे हसत होते. तिला मोठ्या माणसांच्या कपात चहा मिळाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, केसांत अजून गुलाल. तिला वाटलं, सण लांबला. लग्नानंतर नवी नवी असताना एकदा जेवताना तिनं ही गंमत सांगितली, आजोबांच्या सदऱ्यासकट. शिवशंकरनं ताटाखालून तिचा पाय दाबला तेव्हा ती थांबली. आत्याबाई म्हणाल्या, “भाजी वाढ रे तिला.” एवढंच. औशाच्या पुढं त्यांचं गाव होतं, दगडमातीच्या जाड भिंतींची घरं. शिवशंकर गणपतीसाठी मुरुडला आजोळी होता म्हणून वाचला, मामंजी शेतात जागलीला होते म्हणून वाचले, आत्याबाईंना दुपारनंतर बाहेर काढलं. त्यांच्या कुशीत सौदामिनी होती, शिवशंकरची धाकटी बहीण. हे तनुजाला शिवशंकरनं नंतर अंधुकसं सांगितलं, एसटीत, खिडकीबाहेर बघत, आणि मग म्हणाला, पुढचा विषय काढ. त्या चहाच्या कपाची चव तिला अजून आठवते, आणि ती आठवली की तोंड धुवावंसं वाटतं.

बोल्ट लावले त्याच्या दुसऱ्या दिवशी उतरंड पहिल्यांदा किणकिणली होती. आत्याबाई देवळात गेल्या होत्या. तनुजा ट्रंकेवर चढली, बोटानं तांब्या धरला, आवाज थांबला. मग कपाटातून अपूर्वाचं लहानपणचं दुपटं काढलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, त्याची चौघडी ताटलीवर घातली, वर तांब्या ठेवला, आणि तांब्या नि फुलपात्राच्या मध्ये दुपट्याचाच कोपरा वळवून घेतला. फळी पुसायचं काम तिचंच होतं. आत्याबाईंचे गुडघे ट्रंकेवर चढण्याच्या पलीकडं गेले होते आणि नजरही. दुपारी घालायचं, मशीन बंद झालं की काढायचं, असं ठरवलं होतं. दोनेक आठवडे तसं केलंही. एका सकाळी केर काढताना दिसलं की काल काढायचं राहिलं. रात्रभर तसंच होतं. पण काही झालं नव्हतं ना. आत्याबाई चहा पीत होत्या. मग एकदा आणखी राहिलं. मग तिनं काढायचंच सोडलं. त्या खोलीत अपूर्वा झोपायची, आज्जीच्या कुशीत. आणि आत्याबाई रोज दिवा मालवताना फळीकडं एकदा बघायच्या, हात जोडायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या, मग कूस वळवायच्या. तनुजा दारातून हे बघायची, आणि तरी दुसऱ्या दिवशी मशीन लावायची. असा मुका पहारा तिनं त्यांच्या उशाशी बसवला होता, आणि वरून रोज फळी पुसत होती.

आता ती त्या खोलीत आली. तांब्या पलंगाखाली गेला होता, बुडाला पोचा आला होता. बाहुली फरशीवर पडलेली, आणि बाहुलीला गुंडाळलेलं ते दुपटं. म्हणजे पोरगी ट्रंकेवर चढली, दुपटं काढून भांडी परत रचली, बाहुलीला थंडी वाजते म्हणून. तनुजानं दुपटं झटकन ओढून पदराखाली घेतलं, आणि वळली तर अपूर्वा दारात. आज्जीनं तिला चष्मा आणायला पाठवलं होतं. पोरीनं पदराकडं पाहिलं, मग वर फळीकडं पाहिलं. सहा वर्षांच्या मुलांना किती कळतं याचा अंदाज नसतो. “अपू,” तनुजा म्हणाली. आज्जीला सांगू नको, हे शब्द जिभेवर आले होते, इतके सहज आले होते की ती दचकली. अपूर्वानं चष्मा घेतला आणि गेली.

शिवशंकरचा फोन आला. आठवड्यातले तीन दिवस तो क्लासच्या नांदेडच्या शाखेत शिकवायचा. “तू माझ्या घरी आणि मी तुझ्या माहेरी” हा त्याचा ठरलेला विनोद होता. आज विनोद नव्हता. वरच्या मुलींपैकी कुणीतरी क्लासच्या ग्रुपवर टाकलं होतं. “आई कशी आहे?” “बाहेर बसल्यात.” “तुझ्या मशीननं का?” “हो.” तिकडं फळ्यावर डस्टर आपटल्याचा आवाज आला, पोरांचा गलका. “तनू, ते खेळणं एमआयडीसीत कुठं तरी हलवू. बघतो मी. तिला आत घे फक्त. रात्र बाहेर काढली ना, की ती महिना महिना आत येत नाही. लहानपणी बघितलंय मी.” खेळणं या शब्दाचा एरवी तिला राग आला असता. आज वाटलं, बरोबर आहे. मग वाटलं, मशीन गेलं तर बरंच आहे, दुपट्याचं काही सांगावंच लागणार नाही. हा विचार किती चटकन आला.

ती चहा घेऊन ओट्यावर जाऊन बसली. उन्हं उतरली होती. समोरून सायकलींवर पोरं, पाठीला सॅक, तोंडानं सूत्रं म्हणत चालली होती. अपूर्वा आज्जीच्या मांडीवर पेंगुळली होती. “आत्याबाई, आत चला. मशीन मी काढून टाकते. हे म्हणालेत, दुसरीकडं हलवू.”

“का बरं?” आत्याबाई म्हणाल्या. “चालू दे की तुझं. मशीनीला म्या कवा न्हाई म्हनलं?”

“पण तुम्हाला भीती...”

“मशीनीची न्हाई ग.” त्यांनी बशीत चहा ओतला आणि पिण्याआधी बराच वेळ बशीकडं पाहिलं. “तुला शिवानं काय सांगितलंय मला ठाव न्हाई. त्या साली वर्षभर भांडी वाजायची. आधीच्या पावसाळ्यापासनं. जमिनीतनं गुरगुर यायची, फळीवरची भांडी वाजायची. पैल्या पैल्यानं आमी समदे बाहीर झोपलाव. थंडी गेली, उन्हाळा गेला. काई होईना. मग एकेक करत समदे आत आले. रोजच वाजतंय म्हनल्यावर काय करायचं? शाळामास्तर बी आत आला.” त्या हसल्या. “त्या राती बी वाजली. म्या ऐकली. जागीच व्हते. म्हनलं, वाजतीत रोजची, आन् पोरीला कुशीत घेऊन कूस बदलली.” त्यांनी बशी तोंडाला लावली, खाली ठेवली. “तवा भीती न्हाई माय. सवय व्हायची भीती हाय. तुझं मशीन रोज लागनार, उतरंड रोज वाजनार, चार रोज म्या पळंन. पाचव्या रोजी म्हननार, सुनंचं मशीन हाय. तेवढी नगं होऊ देऊ. बाकी तुझं चालू दे.”

तनुजानं आपला कप ओट्यावर ठेवला. आता सांगायचं होतं. याहून चांगली जागा मिळाली नसती. आत्याबाई, ती वाजतच नव्हती. श्रावणापासून वाजत नव्हती. तुम्ही पोरीला कुशीत घेऊन बिनघोर झोपत होता आणि मी. वाक्य पुरं तयार होतं. समोरून मालविका क्लासला निघाली, “बरं वाटून राहिलं का आज्जी?” म्हणाली, आज्जी “हाव” म्हणाल्या, आणि ते वाक्य कुठं तरी खाली गेलं. तनुजाला जाणवलं की तिला त्यांची क्षमा नकोच आहे. त्यांनी ऐकून नुसतं “असू दे” म्हटलं तर ती कुठं तोंड दाखवणार. त्या तसंच म्हणाल्या असत्या.

“आत येते म्या,” आत्याबाई म्हणाल्या, “पन आधी ती लावून दे. तुझाच हात पोचतो तिथं.” तिघी आत आल्या. तनुजा ट्रंकेवर चढली. ताटली, तांब्या, फुलपात्र. मध्ये काही नाही. आत्याबाई खाली उभ्या होत्या, मान वर करून, चष्म्याच्या काचांत खिडकी. “वाजवून बघ,” त्या म्हणाल्या. तनुजानं फळीला बोटानं टिचकी मारली. किणकिण झाली. “हां,” त्या म्हणाल्या, “झकास,” आणि पलंगावर टेकल्या, पायावर पाय घेतला. त्यांचा असा विश्वास की त्यांनी दुसऱ्यांदा वाजवायलाही सांगितलं नाही.

मागच्या खोलीत जाऊन तिनं पाना घेतला. भिंतीचे बोल्ट घट्ट बसले होते. तिनंच सगळा जीव लावून पिळले होते. पहिला सुटताना भिंतीची पांढरी पूड हातावर पडली. हे सुटलं की रेघ पुन्हा थरथरणार, ‘ळ’चं पोट पुन्हा वेडंवाकडं होणार, मग टेबल जमिनीत वेगळा चौथरा करून बसवावं लागेल, भिंतीपासून सुटा, नाहीतर वेग इतका कमी करावा लागेल की एका अक्षराला सगळी दुपार जाईल. जाऊ दे. ती हे ठरवत होती आणि ठरवताना तिला बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणंही तिला खरं वाटत नव्हतं. चौथरा कसा करायचा याचं चित्र डोक्यात एव्हाना तयार होतं, मापांसकट, आणि त्या चित्रात भिंतीपलीकडचं कुणीच नव्हतं. अपूर्वा कधी आली ते तिला कळलं नाही. ती मशीनवर वाकून त्या कागदावरच्या ‘ळ’वर बोट फिरवत होती, बरोबर दिशेनं. एकदा फिरवून झालं, पुन्हा सुरुवातीपासून फिरवलं. तनुजा पाना धरून तशीच बघत राहिली. तिला वाटलं, आता ही दुपट्याचं विचारणार, आणि विचारलं तर खरं सांगायचं, निदान हिला.

अपूर्वानं बोट अक्षराच्या टोकाशी थांबवलं. “आई,” ती म्हणाली, “मशीन चालू असताना खराखुरा भूकंप आला, तर आपल्याला कसं कळंल?”